झाकण उघडल्यानंतर

एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत रुजू होऊन मला दोन वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका औषधद्रव्यातील अशुद्धी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातील घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, मोजण्याचे काम चालू होते आणि आलेखात सतराव्या मिनिटाच्या आसपास एक अनोळखी पीक, म्हणजे उंचवटा, उमटू लागला. आधीच्या कोणत्याही बॅचमध्ये तो नव्हता. आम्ही नमुना पुन्हा तयार केला, कॉलम बदलला, इंजेक्टरची सुई धुतली, डिटेक्टरचा दिवा तपासला. पीक जागचा हलला नाही. तीन दिवस एक उपकरण आणि दोन माणसे त्यात अडकून पडली आणि तिकडे उत्पादन विभाग बॅच सोडण्याची वाट पाहत राहिला. चौथ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ मॅडमनी काहीही इंजेक्ट न करता नुसता ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण बदलत नेणारा क्रम, चालवायला सांगितला, तेव्हा आलेख स्वच्छ आला. मग त्यांनी फक्त डायल्युअंट, म्हणजे ज्यात नमुना विरघळवतात ते मिश्रण, इंजेक्ट करायला लावले, आणि तो पीक पुन्हा दिसला. दोष उपकरणात नव्हता, कॉलममध्ये नव्हता आणि औषधात तर नव्हताच.

डायल्युअंटमधील मिथेनॉल उत्तम दर्जाचे होते. बाटलीबरोबर आलेले विश्लेषण प्रमाणपत्र मी स्वतः वाचून फाइलला लावले होते. पण फ्लास्कमध्ये शेवटची खूण गाठण्यासाठी थेंब-थेंब मिथेनॉल घालणे सोपे जावे म्हणून मी ते मऊ प्लॅस्टिकच्या एका वॉश बॉटलमध्ये ओतून ठेवले होते आणि ती बाटली आठवडाभर टेबलावर उभी होती. प्लॅस्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळलेली असतात, ती मिथेनॉलमध्ये हळूहळू उतरली होती आणि डिटेक्टरला तीच दिसत होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वॉश बॉटल हातात घेतली आणि दोन प्रश्न विचारले. हिच्यावर नाव आणि तारीख कुठे आहे? आणि ही हॉट प्लेटपासून एवढ्या जवळ का आहे? मला तोपर्यंत वाटत होते की पहिली चूक शुद्धतेची होती आणि बाकीच्या दोन सुरक्षिततेच्या. त्या दिवशी उमगले की चूक एकच होती: मूळ बाटलीने जे सांभाळले होते, ते मी सोयीसाठी सोडून दिले होते. गडद काच, घट्ट झाकण, नाव, धोक्याची चिन्हे, लॉट क्रमांक हे सारे मागे राहिले होते आणि निनावी, ज्वालाग्राही, विषारी असा एक पारदर्शक द्रव टेबलावर उभा राहिला होता.

त्यानंतरच्या वर्षांत उच्च शुद्धतेच्या द्रावकांशी माझा रोजचा संबंध आला, आणि ही दोन कामे, म्हणजे द्रावक शुद्ध ठेवणे आणि त्यापासून माणसाला जपणे, प्रत्यक्षात किती ठिकाणी एकाच कृतीत येतात हे मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्याविषयी नीट लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

बाटलीवर ‘९९.९ टक्के’ असे छापलेले असते आणि नव्याने आलेल्या मुलांना त्या आकड्याचा मोठा आधार वाटतो. तो आकडा खोटा नसतो, पण आमच्या कामाला पुरत नाही. उरलेला ०.१ टक्का म्हणजे दशलक्ष भागांत हजार भाग, अर्थात १००० पीपीएम. आता आम्ही काय मोजत असतो ते पाहा. नमुन्याचे द्रावण समजा एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम इतके आहे आणि त्यात ०.०५ टक्के इतकी अशुद्धी असली तरी ती नोंदवायची आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम, साधारण अर्धा पीपीएम. द्रावकातल्या त्या हजार पीपीएममध्ये केवळ पाणी असेल तर बहुधा काही बिघडत नाही. पण त्यातला एखादा पीपीएमसुद्धा अतिनील किरण शोषणारा असेल, तर आपण औषध मोजतो आहोत की द्रावक, हेच कळेनासे होते. म्हणून एचपीएलसी दर्जाच्या प्रमाणपत्रात टक्केवारीपेक्षा वेगवेगळ्या तरंगलांबीला द्रावक किती प्रकाश शोषतो, बाष्पीभवनानंतर किती अवशेष उरतो आणि पाणी किती आहे, या ओळी मी आधी वाचते.

प्रत्येक द्रावकाची एक सीमा असते, जिच्या खाली तो स्वतःच अतिनील प्रकाश अडवू लागतो. ॲसिटोनायट्राइलची ही सीमा १९० नॅनोमीटर आहे, मिथेनॉलची २०५, टेट्राहायड्रोफ्युरानची २१२, क्लोरोफॉर्मची २४५, आणि ॲसिटोनची तर ३३०. ज्या रेणूंना स्वतःचा ठळक रंगधारी गट, म्हणजे असा प्रकाश शोषणारा भाग, नसतो, ते २१० नॅनोमीटरच्या आसपासच दिसतात आणि तिथे ॲसिटोनायट्राइलइतका निर्मळ पर्याय क्वचितच सापडतो. पाण्याबरोबरचे त्याचे मिश्रण पातळ असल्याने पंपावर दाबही कमी येतो. त्यामुळे औषध-विश्लेषणाचा फार मोठा भाग या एका द्रावकावर उभा आहे.

आणि हे द्रावक बहुतांशी मुद्दाम बनवले जात नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. प्रोपिलीन, अमोनिया आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यापासून ॲक्रिलोनायट्राइल तयार होते, ते कृत्रिम धागे आणि एबीएस प्लॅस्टिक यांसाठी लागते, आणि त्या प्रक्रियेत थोडेसे ॲसिटोनायट्राइल उपउत्पादन म्हणून बाहेर पडते. २००८ मध्ये एकाच वेळी अनेक गोष्टी जुळून आल्या. बीजिंग ऑलिंपिकच्या काळात हवा स्वच्छ राहावी म्हणून चीनमधले कारखाने बंद ठेवले गेले, आइक चक्रीवादळाने टेक्सासमधील उत्पादन विस्कळीत केले आणि जागतिक मंदीमुळे मोटारी व धागे यांची मागणी घसरली, तेव्हा ॲक्रिलोनायट्राइल कमी बनू लागले. जगभरच्या प्रयोगशाळांत ॲसिटोनायट्राइल मिळेनासे झाले आणि किमती अनेक पटींनी चढल्या. तेव्हा अनेकांनी पद्धती मिथेनॉलवर नेल्या, कॉलमचा व्यास ४.६ मिलिमीटरवरून २.१ वर आणला, ज्याने द्रावकाचा वापर जवळजवळ पाचपट कमी होतो. टंचाईच्या काळातले हे शहाणपण टंचाई संपल्यावरही टिकायला हवे होते असे मला वाटते, कारण जे वापरलेच नाही ते साठवावे लागत नाही, हुंगावे लागत नाही आणि जाळावेही लागत नाही.

‘एचपीएलसी दर्जा’ म्हणजे सर्वांत शुद्ध, असा एक सर्वसाधारण समज आहे. शुद्धता नेहमी कशासाठी, या प्रश्नाला बांधलेली असते. मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाला, प्रकाश शोषणाऱ्या अशुद्धीपेक्षा सोडियम, पोटॅशियम आणि प्लॅस्टिकमधून आलेले थॅलेट अधिक त्रास देतात, म्हणून त्याच्यासाठीचा दर्जा वेगळा असतो. मोबाइल फेजची, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाची, बाटली साबणाने धुतली तर ४४ एककांच्या अंतराने एकामागून एक उभ्या राहणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या रेषा पुढे कित्येक दिवस पाठ सोडत नाहीत. औषधातील उर्वरित द्रावके हेडस्पेस पद्धतीने, म्हणजे बंद कुपीत द्रवावर जमलेली वाफ घेऊन, गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजताना नमुना ज्या डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवतात, त्यात बेंझीनचा अंशही असून चालत नाही, कारण औषधात बेंझीनची मर्यादाच २ पीपीएम आहे. ॲसिटोनायट्राइलची ४१० आणि मिथेनॉलची ३००० आहे, यावरून त्या २ चे गांभीर्य लक्षात यावे.

कीटकनाशकांच्या अवशेषांचे काम करणाऱ्यांची अडचण आणखी निराळी असते. नाशिक-सांगलीकडची द्राक्षे युरोपात जातात, तेव्हा ज्या कीटकनाशकासाठी तिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे आणि तिथे इथिल ॲसिटेटने अवशेष काढून घेण्याची पद्धत विकसित झाली. अशा कामात अर्क आटवून घट्ट करण्याची वेळ येते. शंभर मिलिलिटर द्रावक एका मिलिलिटरवर आणले, की नमुन्यातील अवशेषाबरोबरच द्रावकातील न उडणारी अशुद्धीही शंभरपट होते. त्या माणसाला ‘९९.९ टक्के’ काहीच सांगत नाही. त्याला त्या लॉटचे द्रावक आटवून, इंजेक्ट करून, कोरा आलेख डोळ्यांनी पाहावा लागतो.

आता बाटली उघडू या. अडीच लिटरची काचेची भरलेली बाटली एका हाताने मानेला धरून जिन्याने आणणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि एकदा ती निसटल्यावर दोन मजले रिकामे करावे लागलेही पाहिले आहे. अशा बाटल्यांसाठी रबरी बादलीसारखे वाहक मिळतात आणि ते दाराशी ठेवलेले असावेत, कपाटात नव्हे. बाटलीतून काढलेले द्रावक पुन्हा बाटलीत ओतायचे नाही, हा नियम शुद्धतेचा म्हणून शिकवला जातो. पण उरलेले परत न ओतण्याची सवय लागली की माणूस गरजेपुरतेच काढतो, आणि टेबलावर उघडे बीकर उरत नाहीत. बाटलीच्या तोंडाला पॅराफिल्म गुंडाळू नये, कारण अनेक द्रावकांची वाफ ती फिल्म विरघळवते. आणि तिच्यामुळे बाटली बंद झाल्याचा भास होतो तो वेगळाच.

पाणी आणि ॲसिटोनायट्राइल एकत्र केले की मिश्रण गार पडते, पाणी आणि मिथेनॉल एकत्र केले की तापते आणि आकारमानही घटते. अर्धा लिटर अधिक अर्धा लिटर यांची बेरीज एक लिटर भरत नाही, सुमारे ९६५ मिलिलिटर भरते. म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजून मग मिसळावे आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर त्याच पद्धतीचा आलेख उद्या दुसऱ्याच वेळी येईल. हे वाक्य मी प्रशिक्षणात इतक्यांदा उच्चारले आहे की इथेही ते आल्यावाचून राहिले नाही.

आगीविषयी मात्र घाई न करता लिहायला हवे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेईल इतकी वाफ जमते ते तापमान. मिथेनॉलचा तो ११-१२ अंश सेल्सिअस आहे, ॲसिटोनायट्राइलचा २, हेक्झेनचा शून्याखाली वीस-पंचवीस, आणि डायइथिल ईथरचा शून्याखाली ४५. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, वातानुकूलित खोलीतसुद्धा, ही सर्व द्रावके पेट घेण्याच्या तयारीत असतात. त्यांना तापवावे लागत नाही. पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची देशातली यंत्रणा, पेसो, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, तिच्या वर्गवारीत २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले पेट्रोलियम ‘अ’ वर्गात येते. त्याच फूटपट्टीने पाहिले तर आमच्या कपाटातील बहुतेक बाटल्या त्या रांगेत उभ्या राहतील. आणि नागपूरचे नाव निघालेच आहे तर ईथरचा उत्कलनबिंदू लक्षात घ्यावा: ३४.६ अंश. विदर्भातल्या मे महिन्यात वीज गेलेल्या खोलीत ईथर बाटलीतच उकळू शकते. झाकण फिरवताच फसकन वाफ येते ती यामुळे; म्हणून बाटली आधी गार करून, फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच, उघडावी. गार करण्यासाठी ती घरगुती फ्रिजमध्ये ठेवणे मात्र त्याहून घातक, कारण त्या फ्रिजच्या आतला दिवा आणि थर्मोस्टॅट यांच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते आणि बंद पेटीत वाफ कोंडलेली असते. आतल्या भागात ठिणगी पडणार नाही असे खास फ्रिज मिळतात. ते महाग असतात, आणि ईथर ठेवायचे असेल तर तेच घ्यावे लागतात.

ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पटींहून जड असते. ती वर जात नाही. टेबलाच्या कडेवरून खाली उतरते, फरशीवरून सरपटत जाते आणि चार-पाच मीटरवर असलेल्या हीटरला भेटून ज्योत उलट बाटलीपर्यंत आणू शकते. म्हणून ‘माझ्या टेबलावर तर आग नाही’ हे उत्तर पुरेसे नसते. मिथेनॉलची ज्योत आणखी फसवी आहे, कारण भरदिवसा ती जवळजवळ दिसतच नाही. हात भाजल्यावर आग लागल्याचे कळते. हेक्झेन आणि टोल्युइन वीज फारशी वाहू देत नाहीत, त्यामुळे ओतताना, विशेषतः धातूच्या ड्रममधून कॅनमध्ये भरताना, स्थिर विद्युत साठते आणि तिच्या ठिणगीनेच पेट लागू शकतो. दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि घाईत सर्वांत आधी तोच वगळला जातो.

विषाच्या बाबतीत मिथेनॉलची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागू नये. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. शरीरात मिथेनॉलचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. जे मिथेनॉल आम्ही पिपेटने मोजतो त्यातले साधारण ३० मिलिलिटरही जीव घेऊ शकते. प्रयोगशाळेत कोणी ते पीत नाही, पण ते त्वचेतून आणि श्वासातूनही आत जाते. निनावी वॉश बॉटलमध्ये ते पाण्यासारखे दिसते. प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची बाटली आणू नये, या नियमाकडे मी आता कधीच किरकोळ म्हणून पाहत नाही.

ॲसिटोनायट्राइलचे विष मात्र उशिरा बोलते, आणि ते कमी लोकांना ठाऊक असते. यकृतात त्याचे हळूहळू विघटन होऊन सायनाइड सुटते. त्याला कित्येक तास लागतात. संध्याकाळी पाच वाजता बरेचसे सांडलेले ॲसिटोनायट्राइल पुसून काढलेल्या माणसाला सहा वाजता काहीच वाटत नाही, तो बसमध्ये बसून घरी जातो, आणि रात्री डोके दुखणे, मळमळ, धाप असे सुरू होते. अशा माणसाला घरी एकटे सोडू नये, आणि दवाखान्यात नेल्यास ‘केमिकलचा वास लागला’ असे न सांगता ‘ॲसिटोनायट्राइल, त्यापासून सायनाइड तयार होते’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आम्ही प्रत्येक द्रावकाच्या सुरक्षा-पत्रकाची छापील प्रत दाराजवळच्या फायलीत ठेवतो. सोळा भागांच्या त्या पत्रकातला प्रथमोपचाराचा चौथा भाग रुग्णाबरोबर जावा इतकाच त्यामागचा हेतू आहे. हेक्झेनचा परिणाम तर महिन्यांनी दिसतो. त्याची वाफ रोज हुंगणाऱ्यांच्या हातापायांतील नसा बधिर होत जातात, कारण शरीरात त्याचे २,५-हेक्झेनडायोन होते.

हातमोज्यांबद्दल एकच सांगते. निळे नायट्राइल मोजे अनेक द्रावकांना काही काळ अडवतात, पण डायक्लोरोमिथेन त्यातून काही मिनिटांच्या आतच आरपार जाते. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात कॅरन वेटरहान या प्राध्यापिकेच्या लॅटेक्सच्या मोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे थोडे थेंब पडले आणि पुढच्या जूनमध्ये त्या गेल्या. ते द्रावक नव्हते, पण ‘मोजे घातले होते’ हे वाक्य कधी अपुरे पडते, हे त्यानंतर जगाला कळले. मोजा कोणत्या द्रव्यासाठी, किती मिनिटांसाठी, हे तक्त्यात पाहावे. आणि मोज्यावर सांडले की तो लगेच काढावा.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान, ज्याला आम्ही टीएचएफ म्हणतो, यांना हवेतला ऑक्सिजन आणि प्रकाश मिळाला की त्यांच्यात पेरॉक्साइड तयार होऊ लागतात. पेरॉक्साइड त्या द्रावकाइतके सहज उडून जात नाहीत. द्रावक आटत गेले की ते मागे साचतात, आणि साचलेले पेरॉक्साइड उष्णतेने, घर्षणाने किंवा नुसत्या धक्क्याने फुटतात. हे टाळण्यासाठी सामान्य टीएचएफमध्ये साधारण २५० पीपीएम बीएचटी नावाचे द्रव्य घातलेले असते. ऑक्सिजनची साखळी ते मध्येच तोडते. पण बीएचटी अतिनील प्रकाश शोषते. त्यामुळे एचपीएलसीसाठीच्या टीएचएफमधून ते वगळलेले असते. अर्थ नीट लक्षात घ्यावा: आपल्या डिटेक्टरच्या सोयीसाठी त्या द्रावकाचा पहारेकरीच काढून घेतलेला आहे. अधिक पैसे मोजून आणलेली, अधिक शुद्ध बाटली ही अधिक धोक्याची बाटली असते, आणि तिच्यावर तसे ठळकपणे लिहिलेले असतेच असे नाही. क्लोरोफॉर्मची कथा याच जातीची आहे. त्यात अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेले असते ते प्रकाश व हवेमुळे फॉस्जीन हा विषारी वायू होऊ नये म्हणून, आणि एखाद्या पद्धतीला इथेनॉल चालत नाही म्हणून दुसऱ्या स्थिरकाची बाटली मागवताना आपण नेमके काय बदलतो आहोत ते मागवणाऱ्याला माहीत असावे लागते.

कारखान्यातून ती बाटली नायट्रोजनच्या आवरणाखाली बंद होऊन येते. झाकण उघडले त्या क्षणी हवा आत शिरते आणि घड्याळ सुरू होते. म्हणून टीएचएफची मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. जितके आठवड्यात संपेल तितकेच घ्यावे. बाटलीवर तीन तारखा लिहाव्यात: आली कधी, उघडली कधी, पेरॉक्साइड तपासले कधी. तपासणी अवघड नसते. त्यासाठीच्या पट्ट्या मिळतात, आणि त्या नसतील तर असेटिक आम्लात पोटॅशियम आयोडाइड घालून त्यात थोडे द्रावक मिसळले आणि पिवळा रंग आला तर उत्तर मिळाले. इथेही दोन्ही कामे एकच होतात, कारण पेरॉक्साइड झालेल्या टीएचएफने आलेखाची बेसलाइन, म्हणजे पायाची रेषा, वर चढते आणि नमुन्याचे ऑक्सिडीकरण होऊन नसलेली अशुद्धी दिसू लागते. विश्लेषकाच्या तक्रारीच्या वहीत आधी ‘बेसलाइन नीट नाही’ अशी नोंद येते. ती नोंद वाचून बाटलीची तारीख पाहणारा माणूस एक आलेख वाचवतो आणि कदाचित कोणाचे तरी डोळेही. रोटरी इव्हॅपोरेटरवर, म्हणजे फिरत्या फ्लास्कमधून द्रावक उडवणाऱ्या उपकरणावर, ही द्रावके आटवताना फ्लास्क पूर्ण कोरडा करू नये, ते यासाठीच.

निरुपयोगी द्रावकाबद्दल थोडक्यात. एचपीएलसीच्या नळीतून येणारे सांडद्रव टेबलाखाली उघड्या कॅनमध्ये टपकत राहते, आणि दिवसभर त्याची वाफ आपण गुडघ्याच्या उंचीवरून श्वासात घेत असतो. नळीपुरते भोक असलेले आणि कोळशाची गाळणी लावलेले झाकण त्या कॅनला असावे. क्लोरीन असलेली द्रावके वेगळ्या कॅनमध्ये जावीत. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन यांच्यात अल्कली पडली तर जोरदार प्रक्रिया होते, आणि नायट्रिक आम्लाच्या कॅनमध्ये कोणतेही सेंद्रिय द्रावक ओतले तर कॅन फुटू शकतो. दोन्ही अपघात बहुधा सुट्टीच्या आदल्या दिवशी आवराआवर करताना घडतात. २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचरा आपल्याकडे सर्वसाधारणपणे ९० दिवसांपलीकडे ठेवता येत नाही, आणि तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या सुविधेकडे नमुना १० च्या मॅनिफेस्टसह, म्हणजे वाहतूक-पत्रकासह, जावा लागतो. बेसिनचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. तो एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. साठा तपासणीसाठी मागच्या खोलीतले कपाट उघडले तेव्हा तळाच्या फळीवर त्याला डायआयसोप्रोपिल ईथरची एक तपकिरी बाटली सापडली होती. लेबल अर्धे गळून गेलेले, उघडल्याची तारीख नाही, आणि झाकणाच्या खाली काचेला चिकटलेले पांढरे स्फटिक दिसत होते. बाटली हलवून किती शिल्लक आहे ते पाहू का, असे तो मला विचारत होता. मी त्याला सांगितले, “हात लावू नकोस, झाकणाला तर मुळीच नाही. दार ओढून घे, त्या मजल्यावरचे वर्ग सोड, आणि प्राचार्यांना सांगून अग्निशमन दलाला कळव.” डायआयसोप्रोपिल ईथर या बाबतीत टीएचएफपेक्षाही वाईट आहे, त्याचे पेरॉक्साइड स्फटिक होऊन बसतात आणि आट्यांमध्ये अडकलेला एखादा स्फटिक झाकण फिरवताना घासला गेला तरी पुरे होते.

संध्याकाळी उशिरा माहितगार माणसे आली. खोली रिकामी करून त्यांनी बाटली वाळूच्या पेटीत, आडोशामागून, दुरूनच उचलली आणि मैदानाच्या पलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी वर्गमित्राने साठा-नोंदवही उघडून ती बाटली कधी आली ते शोधले. ती तो स्वतः त्याच महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होता, त्या वर्षीच्या पानावर होती. प्राप्तीची तारीख, किंमत आणि पुरवठादाराच्या पावतीचा क्रमांक अतिशय सुवाच्य अक्षरात लिहिलेला, आणि पुढचा ‘उघडल्याचा दिनांक’ असा रकाना त्या वहीत आखलेलाच नव्हता. त्याने पट्टी घेऊन तो रकाना आखला आणि उरलेल्या बाटल्या एकेक करून खाली उतरवायला सुरुवात केली.